आक्कांची टँकरची वही

ग्रामसेवकांनी ते पत्र मासिक सभेच्या अगदी शेवटी वाचलं. पाणीपट्टीच्या थकबाकीवर दोन तास गेले होते आणि निम्मे सदस्य उठायच्या बेतात होते. पत्र महिला व बालविकास विभागाचं. ३१ मेला, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या दोन कर्तबगार महिलांचा सन्मान करायचा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला सन्मान पुरस्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि रोख ५०० रुपये. साल २०२३, आणि मे महिना निम्मा सरलेला.

"दोन नावं घाला, विषय मिटवा," मागून कुणीतरी म्हणालं. पाच मिनिटांत दोन नावं निघालीसुद्धा. एक उपसरपंचांच्या घरातलं, दुसरं सोसायटीच्या माजी चेअरमनांच्या सूनबाईंचं. दोघी भल्या बायका आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण "यांनी गावासाठी काय केलं ते लिहायचंय" असं ग्रामसेवक म्हणाले, तेव्हा सूचकालाही वाक्य पुरं करता येईना.

मी उठले आणि म्हणाले, "आठ दिवस द्या. मी गावात फिरते आणि लिहून आणते."

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका छोट्या गावची ग्रामपंचायत सदस्य. राखीव जागेवरून निवडून आले. ७३ व्या घटनादुरुस्तीने बायकांना पंचायतीत तिसरा हिस्सा मिळाला आणि २०११ पासून महाराष्ट्रात तो निम्मा झाला. आमच्या नऊ सदस्यांत पाच बायका आहेत, सरपंचही बाईच. पण त्या दिवशी ती दोन नावं सुचवणाऱ्यांत आम्हा पाचांपैकी एकही नव्हती, हे मला घरी चालत येताना जाणवलं. माझं तोंडही पत्र वाचून झाल्यावरच उघडलं होतं.

निवडीसाठी सरपंच वहिनी, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बाई आणि मी असे चौघं बसणार होतो. मी पहिली मागणी केली ती महिला ग्रामसभेची. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे बरीच वर्षं शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करायचा आणि सभा 'झाली' असं लिहिलं जायचं. या वेळी अंगणवाडीच्या पडवीत दुपारी दोनला खरोखरच सतरंजी टाकली. चाळीसेक बायका आल्या. मी विचारलं, "आपल्या गावात कर्तबगार बाई कोण?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी हसलं, कुणी पदर तोंडाला लावला. पर्यवेक्षिका बाई बावीस वर्षं या कामात आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "असं नको विचारू. रात्री-अपरात्री अडलं-नडलं तर कुणाच्या दारात जाता, ते विचार."

मग मात्र थांबवता थांबेनात. अकरा नावं आली.

पुढचे पाच दिवस मी संध्याकाळी त्या अकरा घरी गेले. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य एकच ऐकलं, "मी काय केलंय? सगळ्यांनीच केलं." ही नुसती लाज नाही. ज्या कामाची पावती कधी कुणी फाडली नाही, ते काम आहे हेच करणारीला वाटत नाही. मागच्या वाडीतल्या सात जणींनी चोरटी दारू बंद पाडली होती, तीन महिने रोज संध्याकाळी त्या वाटेवर बसून. त्यांनी मला सरळ सांगितलं की एकीचं नाव घालणार असशील तर कुणाचंच घालू नकोस. पुरस्कार दोनच असल्याचं मला तिथं फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आठव्या घरी आक्का होत्या.

आक्कांचं वय अठ्ठावन्न-साठ. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. दोन शेळ्या, तीन एकर कोरडवाहू, आणि बचत गटाच्या त्या पहिल्यापासूनच्या अध्यक्ष. आक्का वस्तीवर टँकर बघायच्या एवढं सगळं गाव सांगत होतं. पण 'बघायच्या' म्हणजे काय, ते कुणाला सांगता येत नव्हतं. मी तेच विचारलं. त्या उठल्या, फडताळातल्या पत्र्याच्या पेटीतून एक दोनशे पानी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचा माण होता. त्या वर्षीचा उन्हाळा इथल्या कुणाला सांगावा लागत नाही. २०१९ ला गडीमाणसं जनावरं घेऊन छावणीवर गेली, म्हसवडकडे आणि इतर ठिकाणी, ती महिनोन्महिने तिथंच राहिली. वस्तीवर म्हातारी, पोरं आणि बायका उरल्या, आणि टँकर. सरकारी निकष माणशी २० लिटरचा. टँकर १२ हजार लिटरचा, वस्तीवर माणसं ५८०. कागदावर पुरायला हवं. पण टँकर विहिरीत रिकामा व्हायचा, आणि ज्या घरात दोन तरणी माणसं पोहरा ओढायला, त्या घराची भांडी भरायची. एकटी म्हातारी काठावर हंडा धरून उभी राहायची. भांडणं झाली. एका पोरीचा पाय घसरला, ती विहिरीत पडता पडता वाचली.

त्या दिवसापासून आक्कांनी टँकर विहिरीत ओतू दिला नाही. ११६ घरं. प्रत्येक घराने आपला बॅरल रस्त्याकडेला आणून ठेवायचा, त्यावर रंगाने नंबर टाकायचा. एक दिवस वरच्या आळीची ५८ घरं, दुसऱ्या दिवशी खालच्या आळीची ५८. दोनशे लिटरचा एक बॅरल, घराला दिवसाआड. ५८ बॅरल म्हणजे अकरा हजार सहाशे लिटर. उरलेलं चारशे लिटर शाळेला आणि अंगणवाडीला.

हे सगळं त्या वहीत होतं. उभ्या रेघा हाताने मारलेल्या, थोड्या तिरक्या. पहिल्या रकान्यात घराचा नंबर, दुसऱ्यात माणसं, मग तारखांचे रकाने आणि त्यात फुल्या. सहा-सात घरांपुढे फुलीच्या शेजारी बारीक गोल होता. मी बोट ठेवून विचारलं.

"ती बाळंतिणीची घरं. त्यांना दोन हंडे जास्त."

"ते दोन हंडे कुठून?"

"माझ्यातनं. मी एकटी, मला बॅरल काय करायचाय?"

वस्तीवर आठ जणांचीही घरं होती. त्यांना एक बॅरल कसा पुरायचा, असं मी विचारलं. त्यांनी वही मागून उलटली. शेवटच्या पानांवर दुसरा हिशोब होता, दोन-तीन माणसांच्या घरांनी मोठ्या घरांना कधी किती हंडे दिले त्याचा. तोही तारीखवार. चार महिने. मी आमच्या ग्रामपंचायतीची दप्तरं बघते, इतकी नीट वही मला तिथं सापडायची नाही.

मी वहीतल्या रिकाम्या तारखा मोजल्या, टँकर न आलेले दिवस. तेवीस भरले. त्या प्रत्येक दिवशी आक्का सकाळी चालत मुख्य रस्त्यावर आल्या होत्या, तिथून जीपने तालुक्याला जाऊन अर्ज दिला होता. पोचेचे कागद वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी घालून ठेवलेले होते.

दुसरं नाव सगळ्यांच्या आधीच माझ्या मनात होतं. गावात तिला 'एस्टीवाली' म्हणतात. तिशीची आहे, माहेर सांगली जिल्ह्यातलं, बारावी शिकलेली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सात किलोमीटरवर. मुलगे सायकलने जायचे, मुलींची शाळा सातवीलाच संपायची, आणि मग दोन-तीन वर्षांत कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुणे यायचे. एस्टीत मुलींना बारावीपर्यंत फुकट पास आहे. त्या योजनेलाही अहिल्याबाई होळकरांचंच नाव आहे. पण पास असून काय करायचं, गावात एस्टीच येत नव्हती.

ती आगारात गेली. 'भारमान बसत नाही' असं उत्तर मिळालं. भारमान म्हणजे गाडीत किती माणसं भरतात त्याचा हिशोब, हेही तिला तिथंच कळलं. ती घरी आली आणि चार वाड्यांत फिरून सातवी ते बारावीच्या वयाच्या मुली मोजल्या. नुसत्या शाळेत जाणाऱ्या नाहीत, घरी बसलेल्याही मोजल्या. एकोणचाळीस. प्रत्येकीच्या आईची सही किंवा अंगठा घेतला. बापाची का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरगी घरी बसली तर आईच्या हाताखाली बसते. आईने सोडलं तर सुटते." ती आगारात सहा वेळा गेली. दोनदा कडेवर पोर घेऊन. २०२२ च्या जूनमध्ये सकाळची फेरी सुरू झाली. पहिल्या दिवशी चौदा मुली चढल्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस्टीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बाजाराला जाणाऱ्या बायकाही त्याच गाडीने जातात आणि भारमानाचा प्रश्न राहिला नाही. पण पहिले नऊ महिने ती फेरी त्या एकोणचाळीस अंगठ्यांवर आणि सह्यांवर टिकली होती.

निवडीच्या बैठकीत फारसा वाद झाला नाही. मी वही आणि सह्यांचा कागद टेबलावर ठेवला. सरपंच वहिनींचे मालक नेहमीसारखे शेजारच्या खुर्चीत येऊन बसले होते. वहिनींनी वही उघडली आणि एक एक पान उलटत राहिल्या. बराच वेळ. त्यांचं घर त्याच वस्तीवर आहे, वरच्या आळीत, नंबर १४. त्यांनी स्वतःचा रकाना शोधला. त्यात एका महिन्याला गोल होता, त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचा. मालक काहीतरी बोलायला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. हे मी ठरवते." पाच वर्षांच्या त्यांच्या कारकिर्दीत मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

अवघड झालं ते पुढे.

निरोप घेऊन मी आक्कांकडे गेले. त्या आनंदल्या, पण म्हणाल्या, "येते की. पण मी मागं बसंन. शाल तिथंच आणून द्या. स्टेजवर ओट्या भरणार, हळदीकुंकू होणार, त्यात मी कशाला?"

मला राग आला. आक्कांचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत ठराव केला होता, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्याकडेही तो ठराव झाला होता, आणि त्याची सूचक मीच. मी दुसऱ्या दिवशी कपाटातून प्रोसिडिंग बुक काढून घेतलं, ठरावाचं पान झेरॉक्स केलं आणि पुन्हा आक्कांच्या दारात उभी राहिले. त्यांना वाचून दाखवलं. मग अहिल्यादेवींचंही सांगितलं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, सती जायला निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी अडवलं. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं. ज्यांच्या नावाचा पुरस्कार त्याच अशा, मग तुम्ही मागं का बसायचं? स्टेजवर या, मी स्वतः तुम्हाला कुंकू लावते.

आक्का शेळीला पाला घालत होत्या. काम न थांबवता म्हणाल्या, "पोरी, ठराव चांगला केलास. पण तुझ्या ठरावासाठी माझं कपाळ नको."

मी गप्प झाले. वीस वर्षं कुंकू लावू नका असं त्यांना दुसऱ्यांनी सांगितलं, आता लावा असं मी सांगत होते. त्यांना काय हवंय ते मी एकदाही विचारलं नव्हतं. तिथंच खाली बसले आणि विचारलं.

त्यांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "मला ओटी भरून घ्यायची न्हाई. मला भरायचीय. त्या एस्टीवालीची. वीस वर्षांत कुणी मला कुणाची ओटी भरू दिली न्हाई. नातीचीसुद्धा."

हे मी एस्टीवालीला आणि तिच्या सासूबाईंना समोरासमोर सांगितलं, कारण स्टेजवर ऐनवेळी कुणाचाही अपमान व्हायला नको होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "आमच्या घरापुढं गोल असायचा का वहीत?" मी म्हटलं, होता. ही एस्टीवाली तेव्हा पहिल्या बाळंतपणाची होती. "मग भरू दे," म्हणाल्या.

मानपत्रं मी लिहिली. तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'अतुलनीय', 'प्रेरणादायी', 'समाजसेवेचा वसा' असं सगळं आलं होतं, आपण असंच वाचत आलोय. पर्यवेक्षिका बाईंनी ते शब्द एकेक करून खोडले आणि समोर लिहिलं, "काय केलं ते लिही." मग त्यात ११६ घरं आली, ५८ बॅरल आले, बाळंतिणीचे दोन हंडे आले, टँकर न आलेले तेवीस दिवस आले. एस्टीवालीच्या मानपत्रात एकोणचाळीस मुली आणि आगाराच्या सहा फेऱ्या. सरपंच वहिनी दोन संध्याकाळी माझ्याकडे येऊन मोठ्याने वाचायचा सराव करून गेल्या.

३१ मेला सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात मांडव घातला. टेबलावर अहिल्यादेवींचा फोटो, पांढरी साडी, हातात शिवपिंड. रक्कम ५०० रुपयेच, त्यावरून गावात बोलणी झाली होती. पण मानपत्राचं वाचन सुरू झालं आणि वस्तीवरची माणसं एकदम शांत झाली. 'घर नंबर' हा शब्द आला तेव्हा बायका आपापला नंबर पुटपुटत होत्या. चार वर्षांनंतरही प्रत्येकीला पाठ होता.

मग ओटी. एस्टीवालीने पदर पुढे केला. आक्कांच्या पुढ्यात ताट होतं, त्यात गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. त्यांनी आधी खण आणि नारळ पदरात ठेवला, मग ओंजळीने गहू उचलले. हात थरथरत होते. चार दाणे खाली सांडले, ते त्यांनी वाकून वेचले आणि पदरात टाकले, मग पुन्हा ओंजळ भरली. असं तीनदा. कुंकवाच्या करंड्यापाशी हात थांबला. एस्टीवालीने कपाळ पुढे केलं आणि आक्कांनी कुंकू लावलं. स्वतःच्या कपाळाला बोट नेलं नाही. मांडवात दोन-तीन म्हाताऱ्या तोंड फिरवून उठून गेल्या, तेही लिहिते, कारण ते झालं. बाकीच्या बसून राहिल्या. आक्कांच्या धाकट्या जाऊबाई, त्याही नवरा गेलेल्या, मागच्या ओळीतून उठून पुढे येऊन बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी सतरंज्या गोळा करत होते. आक्का शाल खांद्यावर, मानपत्र हातात घेऊन आल्या.

"सरपंचबाई तेवीस म्हणाल्या. सव्वीस हाय ते."

"आक्का, मी वहीतल्या रिकाम्या तारखा मोजल्या, दोनदा."

"तीन दिवस टँकर आला हुता. पाणी गढूळ, वास मारत हुतं. मी परत धाडला. तिथं फुली न्हाई, आडवी रेघ हाय. घरी पोरं उलट्या करणार असतील तर ते आलेलं पाणी कसं म्हणायचं? ते न आलेलंच."

त्या आडव्या रेघा मी बघितल्या होत्या. मला वाटलं पेन अडकलं असेल.

पटांगणातूनच ग्रामसेवकांना हाक मारली. त्यांनी कार्यालय उघडलं, प्रोसिडिंग बुक काढलं. कार्यक्रमाच्या नोंदीत मानपत्राचा मजकूर उतरवलेला होता. 'तेवीस' वर रेघ मारली, वर 'सव्वीस' लिहिलं, समासात कारण लिहिलं: तीन दिवस आलेला टँकर पाणी पिण्याजोगं नसल्याने परत पाठवला. आक्कांच्या मानपत्रावरही तीच दुरुस्ती केली. दोन्हीकडे सरपंच वहिनींनी सही केली आणि खाली तारीख टाकली. आक्का चष्मा नाकावर सरकवून ती ओळ शेवटपर्यंत वाचून मगच निघाल्या.